सरांनी पुरून ठेवलेला उन्हाळा

बोअरचं मशीन गल्लीत शिरलं की आमच्या यवतमाळात माणसं एकदम धार्मिक होतात. एरवी देवळासमोरून जाताना गाडी न थांबवता कपाळाला हात लावणारे लोक त्या दिवशी चपला काढून उभे राहतात. मशीनला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो, घरची बाई डोक्यावर पदर घेऊन मनातल्या मनात देवाला काहीतरी कबूल करते. करड्या भुकटीचा लोट उठला की नाकाला रुमाल लावून सगळे एकाच गोष्टीची वाट पाहतात, ही भुकटी ओली कधी होते. अशा जागी हात जोडून, डोळे मिटून, "देवा, पाणी नको लागू देजो," असं मोठ्यानं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

ते आमचे सर.

'आमचे' हा शब्द मी नाइलाजानं वापरतो. तसा प्राध्यापक मीही आहे. एकाच कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. घरंही शेजारी, मधे फक्त कंपाउंडची भिंत. पण गल्लीत नुसतं 'सर' म्हटलं की ते. मी 'ड्रायव्हर साहेबांचा मुलगा'. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीतलं त्यांचं पद कायम आहे. माझी पुस्तकं निघाली, एकाला पुरस्कार मिळाला, कुठल्याशा समितीवर माझं नाव लागलं, आणि दूधवाला अजूनही विचारतो, "तुम्ही बँकेत आहे ना?" सरांनी उभ्या आयुष्यात एक निबंध छापला नाही, पण ऑटोवाले त्यांच्या घराच्या नावानं सवारी घ्यायचे.

मला त्यांचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला ते शोधून काढल्याचा आनंद व्हायला नको.

इतरांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं तिथं सरांचा थर्मामीटर असे. सुईसारखी दांडी आणि वर उजळणारे आकडे. चहा आला की आधी थर्मामीटर, मग ओठ. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून ते वरणाच्या बादलीत दांडी बुडवायचे, आणि वाढपीही गुमान थांबायचा. कुणाकडे सांत्वनाला गेले की थोडा वेळ मान खाली घालून बसत आणि मग हळूच हात मागं नेऊन भिंतीला लावत. "पश्चिमेची भिंत आहे," उठताना म्हणत, "रातभर, सकाळलोक ऊब धरते. बरं आहे." आणि घरच्या लोकांना ते ऐकून खरंच बरं वाटायचं. मी सांत्वनाला जाऊन मोजके, जपून निवडलेले शब्द बोलतो. ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

लग्न त्यांनी केलं नव्हतं, किंवा केलं असेल तर कुणाला सांगितलं नव्हतं. उंच, हाडकुळे, भर मेमध्ये उघड्या डोक्यानं हिंडायचे. दुपारी सगळं यवतमाळ कूलरसमोर पडलेलं असायचं, तेव्हा सर गच्चीवर उभे राहून, पंगतीत अन्न वाया जाताना पाहणाऱ्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यानं चहूकडे पाहत असत. मला भिंतीवरून म्हणायचे, "किती ऊन सांडून राह्यलं, भाऊ. अन् थंडीत हेच लोकं शेकोटीत टायर जाळतीन." त्यांचं एक लाडकं वाक्य होतं, "थंडी नावाची काही चीजच नाही. उन्हाळा जपून नाही ठेवला का त्याले थंडी म्हणतात."

हे वाक्य मला सुचायला हवं होतं. मराठीचा माणूस मी.

माझ्या एका ललितसंग्रहाचं प्रकाशन कॉलेजच्या सभागृहात ठेवलं होतं. जानेवारीची संध्याकाळ होती. आमचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, पण आमची थंडीही माणसाला मफलरमध्ये तोंड लपवायला लावते. नागपूरहून येणारे प्रमुख पाहुणे रस्त्यात अडकले. शाल, श्रीफळ, समई, सगळं मांडून आम्ही ताटकळत बसलो. प्राचार्यांनी पुढच्या रांगेतल्या सरांना म्हटलं, "सर, तोवर दोन शब्द बोला." सर उठले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, माझ्यासाठी भेट आणली.

दगड होता. काळा, आमच्याच भागातला, नारळाएवढा.

"हा सकाळपासून माह्या गच्चीवर उन्हात होता," सर म्हणाले, "अन् दुपारपासून गोधडीत. हातात घ्या अन् पुढच्याले द्या. माहं बोलणं झालं."

पाहुणे आले. पुस्तकावरचा चकचकीत कागद सुटला, टाळ्या पडल्या, मी मनोगत वाचलं. पण सभागृहाचं लक्ष दगडाकडे होतं. तो रांगेरांगेनं फिरत होता. ज्याच्या हातात जाई तो डोळे मिटून घेई, आणि ज्याच्याकडे यायचा असे तो मान वळवून वाट पाही. माझ्या एका वाक्यावर मोठा हशा पिकला, म्हणून मी वर पाहिलं, तर मधल्या रांगेत दोन निवृत्त शिक्षक दगडाची ओढाताण करत होते. शेवटी पाहुण्यांनीही एका हातात माझं पुस्तक आणि दुसऱ्या हातात दगड धरून भाषण केलं. मधेच त्यांना एक हात हलवायचा होता, तेव्हा त्यांनी पुस्तक खाली ठेवलं.

फिरत फिरत दगड पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांकडे आला आणि तिथून पुढं गेला नाही.

बाबांच्या हातांबद्दल सांगायला हवं. यवतमाळ, दिग्रस, पुसद, उमरखेड अशी उभी हयात स्टिअरिंग फिरवून त्यांची बोटं आखडली होती. उन्हाळ्यात काम भागे. थंडी पडली की मूठ उघडत नसे. हिवाळ्यात रोज सकाळी त्यांच्या शर्टाच्या गुंड्या मी लावायचो. तेवढा वेळ ते माझ्या डोक्यावरून छताकडे पाहत राहत, आरटीओनं भरलेली गाडी अडवल्यावर पाहत असतील तसे. एक शब्द बोलत नसत. मी त्यांना रूम हीटर आणून दिला. दोनचार दिवस लावला आणि म्हणाले, "हा तं एकाच बाजूनं बोंबलते. बटन दाबलं का मेला." चेनचा स्वेटर आणला, तो 'पोट्ट्यायचा आहे', म्हणजे पोरांचा, म्हणून कपाटात गेला.

त्या संध्याकाळी बाबांनी दोन्ही हातांत दगड धरला आणि त्यांची बोटं एकेक करून उघडताना मी व्यासपीठावरून पाहिली. सरांनीही पाहिली. कार्यक्रम संपल्यावर लोक माझ्या सह्या घ्यायला येतील म्हणून मी पेन काढून उभा होतो, तर सर बाबांसमोर उकिडवे बसले होते.

"बाबा, हा एका दिवसाचा दगड आहे. उन्हाळाभर तापवलेला खडक असंन तं?"

"एवढा मोठा दगड आणान कुठून, सर?"

"आणाचा कायले? आपण त्याच्यावरच बसून राह्यलो ना! खाली सारा खडकच आहे. मे महिना त्याच्यात भरून ठेवू अन् जानेवारीत काढू. तुमच्या शर्टाच्या गुंड्या तुम्ही सोता लावसान. माहा शब्द आहे."

गुंड्यांचं त्यांना कुणी सांगितलं? मी नाही. म्हणजे बाबांनीच. माझ्याशी त्या विषयावर कधी चकार शब्द न काढणाऱ्या बाबांनी.

घरी येताना माझ्या पुस्तकाबद्दल त्यांनी एवढंच म्हटलं, "कागद चांगला लावला आहे."

सरांची कल्पना सांगायला सोपी होती, आणि म्हणूनच मला तिचा संशय होता. जमिनीत एकमेकींच्या जवळ काही बोअर पाडायच्या. प्रत्येकीत तळापर्यंत जाऊन वळून वर येणारी नळी सोडायची आणि भोवती ओली चिकणमाती ठासायची. गच्चीवर काळ्या नळ्यांची वेटोळी अंथरायची. उन्हाळाभर वेटोळ्यात तापलेलं पाणी बोअरमधून फिरवायचं. ते खडकाला ऊब देऊन वर येतं, पुन्हा तापतं, पुन्हा उतरतं. हिवाळ्यात उलटं करायचं, खडकातली ऊब त्याच पाण्यानं वर आणून खोलीच्या फरशीखाली खेळवायची. थंड देशांत असं करतात म्हणे. "तिकडे ऊन नाही तं जपते," सर म्हणायचे, "इकडे पडून आहे तं कोणी पाह्यत नाही."

अट एकच होती. बोअर कोरडी हवी. खाली वाहतं पाणी लागलं तर ते साठवलेली ऊब घेऊन चालतं होतं.

म्हणून सरांनी पाणी पाहणाऱ्याला बोलावलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून जमिनीवर चालायचं आणि नारळ उभा राहिला की खाली पाणी, ही त्याची विद्या. सरांनी त्याला सांगितलं, "नारळ जिथं उठत नाही, ते जागा दाखवा."

त्याचा चेहरा उतरला. "सर, सारी उमर मी पाणी दाखवलं. पाणी नाही हे दाखवाले मले कोणी बलावलं नाही."

"आतालोक चुकले असान ना कधी?"

"चुकलो. पण उमेदीनं चुकलो."

तरी त्यानं सरांच्या पुढच्या अंगणात फेऱ्या मारल्या आणि एका जागी टाच रोवली. "इथं. ठणठणीत कोरडं. माहा नारळ इथं मुर्द्यावानी पडून राह्यला."

मशीन लागलं. सरांनी हात जोडून ती प्रसिद्ध प्रार्थना केली. दुपार कलायच्या आत भुकटी ओली झाली आणि पाणी असं उसळलं की मशीनवाले नखशिखान्त भिजले. आमच्या गल्लीत नळ कधी येईल हे ज्योतिषीही सांगत नाही. बायका बादल्या घेऊन धावल्या. समोरच्या गॅरेजवाल्या चाचांनी हातातला पाना टाकून सरांना मिठी मारली. "मुबारक हो सर! क्या पानी लगा है!" सर पायरीवर डोकं धरून बसले होते. टँकरच्या तक्रारीसाठी कधी न दिसलेले नगरसेवक हार आणि फोटोवाला घेऊन हजर झाले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. गळ्यात हार, हातात श्रीफळ आणि घरात मयत झाल्यासारखा चेहरा. खाली छापलं होतं, 'भावुक झालेले प्राध्यापक'. माझ्या प्रकाशनाचा फोटो त्याच पेपरात आला होता तेव्हा त्यात पाहुणे होते, समई होती आणि माझी अर्धी शाल होती.

सरांनी ती बोअर गल्लीला देऊन टाकली, बाहेर तोटी काढून दिली आणि मागच्या जागेकडे वळले. मागची जागा आमच्या कंपाउंडच्या भिंतीला चिकटून होती. भिंतीच्या या बाजूला, हात लांब केला तर लागेल अशी, बाबांची खोली.

मागच्या बोअर मात्र इमानानं कोरड्या गेल्या. पहिली गेली तेव्हा सर पेढे घेऊन आले. "बाबा, फेल गेली! साफ फेल! थेंब नाही!" बाबांनी पेढा तोंडात टाकला आणि खोका माझ्यापुढं केला. "घे, गोड आहे." बोअर फेल गेली म्हणून पेढे वाटणारा माणूस, आणि ते खाताना गहिवरलेला माझा बाप. मला नोकरीची ऑर्डर आली तेव्हा घरात सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला होता.

त्या उन्हाळ्यात बाबांनी ट्रंकेतून खाकी शर्ट काढला. 'ड्युटी' होती ना. ऊन चढलं की पंप सुरू करायचा, ढग आला की बंद. मधली बोअर आधी तापवायची आणि मग कडेच्या, असा सरांचा नियम होता. बाबा तो येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत, "आधी मधली सीट भराची, मंग खिडकीची." खाली जाणाऱ्या नळीला हात लावला की चटका बसे, वर येणाऱ्या नळीला बसत नसे. बाबा मला मुद्दाम बोलावून दोन्हीला हात लावायला लावायचे. "पाह्य, जातानी गरम, येतानी थंड. म्हणजे उतरला ना पॅसेंजर खाली!"

"उतरलेला पॅसेंजर परत गाडीत बसेल कशावरून?" मी विचारलं.

"तू कधी स्टँडवर उभा राह्यला का? उतरते तोच परत बसते."

मी बाबांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी लहान असताना ते घरी येत ते झोपायला. जागे असत तेव्हा गप्प. त्यांच्याकडे एवढे शब्द होते हे मला पन्नाशी ओलांडल्यावर, भिंतीवरून, दुसऱ्या माणसाशी चाललेल्या गप्पांतून कळत होतं. मी खिडकी लावून घ्यायचो. बायको एकदा म्हणाली, "एवढे जळून राह्यले तुम्ही, तं तुमच्यावरच शेकू द्या ना बाबांना हात. बोअर कायले पायजे?"

पहिला हिवाळा आला. सरांनी आपल्या बैठकीच्या फरशीखाली नळ्या टाकल्या होत्या. त्या खोलीत बाबा रोज सकाळी जाऊन बसत, आणि रोज सकाळी जाण्याआधी त्यांच्या गुंड्या मीच लावून देई. खोली गारच होती. मी मुद्दाम चौकशीला जायचो. दोघंही स्वेटर घालून, पाय पोटाशी घेऊन बसलेले असत.

"काय सर, मे महिना कुठंपर्यंत आला?"

"खडक पिऊन राह्यला, भाऊ. पहिल्या वर्षी खडक सोताच पेते. मंग देते."

"आणि दुसऱ्या वर्षीही सोताच पेला तर?"

यावर बाबा म्हणाले, "तुह्या पुस्तकाले किती वर्सं लागली?"

मी म्हटलं, सात.

"मंग?"

सर यावर हसले नाहीत. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. ते खरोखर चिंतेत होते. थर्मामीटर पुसून खिशात ठेवताना ते बाबांच्या हातांकडे पाहत होते.

सर आता निवृत्त होऊन उमरखेडकडच्या आपल्या गावी राहायला गेलेत. तिथं फेल गेलेल्या बोअर पुष्कळ आहेत, म्हणून खुश आहेत म्हणे. बाबा त्यांना रोज फोन करतात. मी कधी परगावी गेलो तर मीच बाबांना फोन करतो आणि ते 'बरं, ठेव' म्हणतात. उमरखेडशी बोलताना मात्र हवामान, खडक, अमुक घाटात तमुक साली पडलेली थंडी असं सगळं येतं. शेवटी बाबा फोन आपल्या खोलीच्या फरशीजवळ नेतात. त्या फरशीत असं काय आहे, ते मी सांगणारच आहे.

दुसऱ्या उन्हाळ्याआधी सरांनी ठरवलं की ऊब वरून निसटतेय. त्यांनी दिग्रसच्या एका जिनिंगमधून टाकाऊ कापूस ट्रॅक्टर भरून आणला. मागची सगळी जमीन वीतभर उकरून, खाली प्लास्टिक, वर तो कापूस, पुन्हा प्लास्टिक, वर माती. जमिनीला गादी घातली म्हणा. गल्लीतल्या बायका कापूस पसरायला आल्या, चाचांनी प्लास्टिक जोडून दिलं, मजाच मजा चालली होती. गादी आमच्या भिंतीपर्यंत आली आणि थांबली. सर माझ्याकडे आले.

"भाऊ, बाबाच्या खोलीची फरशी काढू द्या. तिच्याखाली बी कापूस टाकतो. नाही तं त्या बाजूनं उघडं राह्यते. एका दिवसाचं काम आहे."

मी म्हटलं, "नाही."

"काहून?"

"माझं घर आहे, सर. प्रयोगशाळा नाही."

बोलून मला फार बरं वाटलं. सगळी गल्ली, कॉलेज, पेपर आणि माझा बाप ज्याच्यामागं गेलेत, त्या माणसाला माझ्या मालकीची निदान एवढी फरशी मिळणार नव्हती. सरांनी वाद घातला नाही. "बरं," म्हणाले आणि जाताना आमच्या उंबऱ्याचं तापमान पाहून गेले. बाबा मात्र आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. अर्थात हे मला बायकोनं दाखवून दिलं, तेव्हा कळलं.

तो उन्हाळा भयानक होता. सर आणि बाबांच्या मते उत्कृष्ट. पंप धडधडत राहिला, खाकी शर्ट घामानं काळा पडत राहिला आणि पॅसेंजर उतरत राहिले.

दुसरा हिवाळा आला तेव्हा सरांच्या बैठकीत फरक होता, पण मखमली पेटीत ठेवून दाखवावा एवढा इवलासा. सर फरशीवर पालथे पडून जागोजागी थर्मामीटर लावत. भरली होती ती ऊब, आणि निघत होती तिची नुसती झुळूक. "कुठं गेली मंग?" ते स्वतःशीच म्हणत. मी म्हटलं, "वाया गेली असेल, सर." त्यांनी वर पाहिलं. "ऊब वाया जात नाही, भाऊ. फक्त पत्ता बदलते." हेही वाक्य मला सुचायला हवं होतं. पण त्या दिवशी त्यात जोर नव्हता. बाबांना दिलेला शब्द मोडल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि मी चहा मागवून आरामात बसलो होतो.

त्यानंतर लवकरच कडाक्याची थंडी पडली. नळाचं पाणी हाताला चावत होतं. सकाळी मी नेहमीप्रमाणे बाबांच्या खोलीत गेलो. सवयीनं अनवाणी.

बाबा खाटेच्या कडेला बसले होते. शर्ट अंगात होता आणि गुंड्या लागलेल्या होत्या.

सगळ्या लागलेल्या होत्या, पण एक घर चुकवून. त्यामुळे कॉलरची एक बाजू कानाकडे गेली होती आणि खाली एक गुंडी एकटीच उरली होती. खाटेखाली गल्लीतली मांजर पाय ताणून झोपली होती. मी विचारलं, "कोणी लावल्या?"

बाबांनी हात पुढं केले. उघडले, मिटले. उघडले. "रातभर हात खाली लोंबून राह्यला होता," म्हणाले. "फरशीवर. सकाळी पाह्यलं तं चालून राह्यला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझे तळपाय मघापासून गप्प आहेत. इतर खोल्यांत फरशीवर पाय टेकवत नव्हता. इथं फरशी गरम नव्हती, कोमटही म्हणता आली नसती. पण सकाळी नुकतंच कुणीतरी उठून गेलेल्या अंथरुणासारखी होती.

सरांना बोलवायला मीच गेलो. ते आले, फरशीवर गाल टेकवून पडले आणि बराच वेळ तसेच राहिले. मग थर्मामीटर लावला, भिंतीपाशी, मधे, दाराशी. उठले तेव्हा गालावर फरशीची धूळ होती आणि डोळे लुकलुकत होते.

"लीक आहे," सर म्हणाले. "माह्याकडे वरून गादी घातली, मंग ते बिचारी जाईन कुठं? सरकत सरकत इकडे आली. इथं वर झाकण नाही. निंघाली."

"चुकीच्या स्टॉपवर उतरली म्हणा ना," मी म्हटलं.

"चुकीच्या कायले?" बाबा म्हणाले. "बरोबर उतरली. सरले मालूमच होतं. म्हणून तं तू नाही म्हटलं तवा वाद न घालता हे जागा उघडी ठेवली त्यायनं."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. मी त्यांच्या जागी असतो तर राहिलो असतो. पण त्या माणसाला तेवढीही माणुसकी नव्हती.

"नाही, बाबा," ते म्हणाले. "मी तं कापूस टाकाले आलतो. भाऊनं नाही म्हटलं. आज फरशी गरम आहे ते भाऊमुळं. माह्या मनासारखं झालं असतं तं तुमचे हात आजबी आखडलेच राह्यले असते."

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता. मी किंचित पुढंही झालो असेन.

"पाह्य," बाबा मला म्हणाले, "याले म्हणतात मोठं मन. केलं सोता अन् नाव तुहं घेऊन राह्यले."

"बाबा, खरंच सांगून राह्यलो मी—"

"राहू द्या, सर. मले समजते."

सरांनी माझ्याकडे पाहून हात पसरले. मीही पसरले. त्या क्षणी आम्ही दोघं एकाच बाजूला होतो, आणि तरीही मी हरत होतो.

बाबा उठले. मफलर गुंडाळला. ते बाहेर जायच्या आत त्यांच्या गुंड्या नीट कराव्यात म्हणून मी सवयीनं कॉलरकडे हात नेला. त्यांनी तो बाजूला केला, हळूच, पण गिअर बदलावा तसा पक्का. "राहू दे. ह्या माह्या हाताच्या आहेत. चाचाले दाखवाच्या आहे." आणि एक कॉलर कानाला लावलेली, एक गुंडी एकटी, असे ते सरांच्या खांद्यावर हात टाकून फाटकाबाहेर गेले. गॅरेजपाशी थांबले. चाचा काहीतरी ओरडले आणि तिघंही हसले. बाबांनी हात वर करून, बोटं उघडून दाखवलेली मला खिडकीतून दिसली.

मला कॉलेजला जायचं होतं. चहा दुसऱ्या खोलीत ठेवला होता आणि बायको दोनदा हाक मारून गेली. पण थंडी भयंकर होती, आणि त्या फरशीवरून पाय काही केल्या उचलेना.